आधी म्समेन, मग तार

मराकेश, शनिवार, रात्र

भरल्या पोटी तारेला लटकायचं, हा क्रम मला काल रात्रीपर्यंत पटत नव्हता. सहलीच्या कागदावर मात्र तसाच छापलेला: डोंगरात पारंपरिक मोरोक्कन न्याहारी, त्यानंतर झिपलाइन. लेक खूश, तिला दोन्ही हवं होतं. ह्याला, म्हणजे नवऱ्याला, तारेचं काही कौतुक नव्हतं. कॉलेजात असताना लोणावळ्याला नागफणीवर दोरावरून दरी ओलांडलेला माणूस, त्याच्या लेखी हा पैसे देऊन केलेला पोरखेळ. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, फक्त न्याहारीपुरत्या येणार होत्या. आणि मला दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कपडे वाळत घालतानाही खाली बघवत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत. तरी पैसे मीच भरले. दिवाळीच्या सुट्टीत एवढ्या लांब येऊन नुसते राजवाडेच बघायचे तर जयपूर काय वाईट होतं?

मराकेश सपाटीवर आहे. शहर सोडल्यावर बराच वेळ डोंगर समोर दिसत राहतात, पण जवळ येत नाहीत. दोन्ही बाजूंना ऑलिव्हच्या बागा. हंगाम चालू आहे, झाडांखाली जाळ्या अंथरून माणसं काठ्यांनी फांद्या झोडपत होती. तहनाउत मागे पडलं की रस्ता रेराया नदीच्या घळीत शिरतो आणि चढायला लागतो. वर टेकडीवर मुले ब्राहिम हे दर्ग्याचं गाव. एक वळण घेतलं आणि समोर उंच ॲटलसची रांग आली, माथ्यांवर ताजा बर्फ. तूबकाल इथलंच, 4167 मीटर, उत्तर आफ्रिकेतलं सर्वांत उंच शिखर. ड्रायव्हरने "तूबकाल!" म्हणून बोट दाखवलं आणि आम्ही बहुधा वेगवेगळी शिखरं बघून एकमताने माना डोलावल्या.

आई डोंगराकडे बघतच नव्हत्या, त्या घरं बघत होत्या. घळीतल्या गावांत नवी घरं उभी राहताहेत, राखाडी सिमेंटच्या ब्लॉकची, गच्चीवर सळया तशाच सोडलेली. त्यांना खेटून जुन्या घरांचं उरलंसुरलं: अर्धी खोली, भिंतीत निळा रंगवलेला कोनाडा, वर छप्पर नाही. 8 सप्टेंबर 2023 ला रात्री अकरा वाजून गेल्यावर याच अल हौझ प्रांतात भूकंप झाला. 6.8 क्षमतेचा, केंद्र इघिल गावाजवळ. 2,900 हून जास्त माणसं गेली. निघण्याआधी मी हे सगळं वाचलं होतं, पण मराकेशच्या बाजारात दिव्यांच्या आणि चपलांच्या दुकानांतून फिरताना विसरायला होतं.

"माळवदंच आहेत की गं ही," आई म्हणाल्या.

खरंच तशीच होती. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडं, लाकडांवर मातीचा थर, वर सपाट धाबं. आईंचं माहेर सास्तूरच्या बाजूचं, सासर उमरग्याचं. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनानंतरची पहाट, चार वाजत आले होते. हा तेव्हा सहावीत होता. किल्लारीच्या भूकंपाचा विषय आमच्या घरी क्वचित निघतो, आणि निघाला की तो आईच काढतात. मग हा पाणी प्यायला उठतो. आज गाडीत उठून जायला जागा नव्हती, त्यामुळे त्याला ऐकावं लागलं. "दगडानं गेले त्याहून मातीनं लई गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि पिशवीतून लेकीला आवळासुपारी काढून दिली.

असनीच्या अलीकडे गाडी डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेने वर गेली आणि एका अंगणात थांबली. अक्रोडाचं झाड, ठेंगणं गोल टेबल, भोवती गाद्या. कोपऱ्यात गॅसच्या शेगडीवर मोठा सपाट तवा आणि त्यापुढे आईंच्याच वयाच्या एक बाई, डोक्याला रुमाल, कोपरापर्यंत तेल. त्यांची सून आतबाहेर करत वाट्या मांडत होती. आमचा वाटाड्या पंचविशीचा पोरगा. आमच्याशी इंग्रजी, ड्रायव्हरशी दारिजा म्हणजे इथली बोलीतली अरबी, बाईंशी ताशल्हीत ही डोंगरातली बर्बर भाषा, आणि झिपलाइनला मात्र फ्रेंच शब्द, तिरोलियेन.

टेबलावर काय नव्हतं! हर्शा, म्हणजे रव्याची जाडसर खुसखुशीत भाकरी. ज्बेन हे ताजं चीज. काळे-हिरवे ऑलिव्ह, उकडलेली अंडी, मध, याच हंगामातलं ऑलिव्ह तेल, इतकं कोवळं की घशाला खवखवतं. वाळलेल्या फावा दाण्यांची दाट गरम बिसारा, वर जिरेपूड आणि तिखट. थंडीत हीच खरी न्याहारी, बाकीचं पाहुण्यांसाठी, असं पोरगा हळूच म्हणाला. बगरीर एकाच अंगाने भाजतात, उलटत नाहीत. वर जाळी पडते आणि लोणी-मध त्या छिद्रांतून आत उतरतं. लेकीने "आंबोळी!" म्हणून जाहीर केलं ते अगदीच चूक नव्हतं, फक्त ही रव्याची. आणि आमलू. भाजलेले बदाम, मध आणि अर्गानचं तेल एकत्र वाटून केलेलं. अर्गानची झाडं या बाजूला नाहीत, ती डोंगराच्या पलीकडे सूसच्या खोऱ्यात. मी आमलू चमच्याने नुसतंच खाल्लं. त्यावर पोरगा काही बोलला नाही, पण वाटी माझ्याकडे सरकवली.

पण मी बघत होते म्समेन, म्हणजे पदरांची चौकोनी पोळी. मैदा आणि बारीक रवा एकत्र मळलेला, इतका सैल की गोळा परातीत ठेवला की पसरतो. बाईंनी तेल लावलेल्या फरशीवर गोळा ठेवला आणि बोटांच्या टोकांनी मधून बाहेर, मधून बाहेर असा सारत नेला. लाटणं नाहीच. पाहता पाहता खालच्या फरशीची नक्षी त्यातून दिसायला लागली. मग वितळलेलं लोणी, वर चिमूटभर कोरडा रवा, म्हणजे पदर चिकटत नाहीत. तिसरा हिस्सा मधे, दुसऱ्या बाजूचा त्यावर, मग उरलेल्या दोन बाजू तशाच दुमडून चौकोन. तो बाजूला ठेवायचा, दमू द्यायचा, आणि पहिला केलेला उचलून पुन्हा हाताने दाबून तव्यावर टाकायचा. उलट-सुलट, उलट-सुलट, पदर सुटून फुगेपर्यंत.

आई टेबलावरून केव्हा उठल्या कळलंच नाही. बघते तर फरशीपाशी मांडी घालून बसलेल्या. बाईंनी तेलाची वाटी पुढे केली, आईंनी हात बुडवले. पातळ करण्यापर्यंत सगळं झकास झालं. पुढे मात्र जन्मभर पोळ्या केलेले हात आपोआप गोल फिरायला लागले, आणि घडी घालायची वेळ आली तेव्हा चारही कोपरे गायब. बाईंनी हसत दोन बोटांनी कोपरे ओढून काढले. आईंचा म्समेन तव्यावर पडला तो पंचकोनी. ह्याने तो मागून घेतला आणि कशालाही न लावता कोरडाच खाल्ला.

त्या दोघींचं बोलणं मोठं मजेशीर चाललं होतं. आई मराठीत, लेक इंग्रजीत, पोरगा ताशल्हीतमध्ये, आणि उलटा प्रवास तसाच. स्वयंपाकघर नवं बांधलंय, जुनं त्या रात्री पडलं, बाहेरची मातीची भट्टी मात्र जशीच्या तशी राहिली. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने 1,40,000 दिरहम जाहीर केले, ते हप्त्याहप्त्याने. तुमच्याकडे काय झालं, असं बाईंनी विचारलं. आई म्हणाल्या, "गाव उचलून माळावर नेलं. सरळ गल्ल्या, पक्की घरं. पण म्हशी बांधायला जागा ठेवायची कुणाच्या ध्यानात नाही." हे तीन भाषांतून पोचायला वेळ लागला, पण पोचलं तेव्हा बाईंनी कपाळावर हात मारला. इथे म्हशींच्या जागी शेळ्या असाव्यात.

मग चहा. चीनहून येणारी गोळीदार हिरवी पत्ती. पहिलं पाणी पेल्यात काढून ठेवतात, दुसऱ्याने पत्ती खळबळून ते फेकून देतात, पहिलं परत आत. वर मूठभर पुदिना, आणि थंडी आहे म्हणून शीबा नावाची कडवट पानं. साखर शंकूच्या आकाराच्या ढेपेची, तांब्याच्या हातोडीने फोडलेली. किती घातली ते मी मोजलं नाही, आईंच्या मधुमेहाच्या गोळ्या मात्र डोळ्यांपुढे आल्या. पोरगा हात उंच करून पेल्यात धार सोडतो, पेला परत किटलीत ओततो, पुन्हा धार. आईंनी दोन पेले घेतले. मी टोकलं तर म्हणाल्या, "पाहुणचाराला साखर मोजत नसतात."

आता तार. खरं सांगायचं तर लिहिण्यासारखं यात कमी आहे. काट्यावर सगळ्यांची वजनं झाली, सगळ्यांसमोर, मोठ्याने. मग हार्नेस, हेल्मेट, चामडी हातमोजे. तारेला दोन कड्या, एक अडकवल्याशिवाय दुसरी काढायची नाही. पहिली तार छोटी, सवयीची. दुसरी थेट घळीवरून.

तिथे एक गंमत झाली. नागफणीचा वीर फलाटावर उभा राहिला आणि प्रश्न विचारायला लागला. खांब किती खोल? खडकात बोल्ट कसे बसवलेत? भूकंपात इथे काय झालं? पोरगा शांतपणे सांगत होता की त्यानंतर सगळे खांब आणि बोल्ट पुन्हा तपासले, काही काढून नवे बसवले, मगच सुरू केलं. ह्याने खाली बसून खडकावरची लोखंडी पट्टी हाताने चाचपून पाहिली. मागे रांगेत एक फ्रेंच जोडपं ताटकळत होतं. मला हसू यायला हवं होतं, पण सकाळचं गाडीतलं बोलणं आठवत होतं. मला उंची सहन होत नाही. ह्याला उंचीचं काहीच वाटत नाही, तो पायाचा विचार करतो. इतक्या वर्षांत नवीन फ्लॅट घेताना, हॉटेलात खोली घेताना तो भिंतीवर टकटक करतो, त्याला मी खोड समजत होते.

ह्याचं समाधान झालं आणि तो गेला. मग लेक. मग मी. फलाटाच्या कडेला बसायचं आणि पाय सोडायचे. उडी मारायची नसतेच, आणि हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझी रात्रीची झोप वाचली असती. पुलीचा आवाज आधी खरखरतो, वेग वाढला की चिरका होतो. खाली ऑलिव्हचे बांध, पाण्याचा पाट, पाटाकाठी गाढव. बांधांवरून एक सावली सरपटत चालली होती, ती माझी हे जरा उशिरा लक्षात आलं. खाली बघितलं होतं मी! भीती वाटलीच, नाही असं नाही, पण पोटात म्समेन होता आणि तो जागच्या जागी होता.

तार मधे झोळ खाते, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात जरासा चढ असतो आणि वेग आपोआप पडतो. जड माणसाला वारा कमी अडवतो, तो सुसाट पलीकडे. हलका माणूस लटकतो. आमची लेक फलाटाच्या बऱ्याच अलीकडे थांबली, थोडी मागे घरंगळली आणि मधोमध झुलत हसत बसली. पलीकडचा दुसरा पोरगा तारेवर उलटा सरकत आला आणि तिला पायांत धरून ओढत घेऊन गेला. "आई, तू कशी थेट पोचलीस?" असं तिने वर सगळ्यांसमोर विचारलं. वजनकाट्याचा आकडा तिथे सगळ्यांना पाठ होता.

येताना असनीत थांबलो. शनिवार त्यांच्या बाजाराचा दिवस, पण दुपार उलटून गेल्यामुळे गाढवं परतीला लागली होती. अक्रोड घेतले, आमलूची बाटली घेतली. भाव आईंनी बोटांवर केला आणि पाडून घेतला. आता आमलू हातातल्या सामानात चालणार नाही, चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाकावं लागेल.

आईंनी निजायच्या आधी प्रमाण लिहून ठेवायला सांगितलंय. मैदा दोन वाट्या, अगदी बारीक रवा एक वाटी, मीठ, यीस्ट नखभर, कोमट पाणी लागेल तसं, मळायचं भरपूर. हाताला आणि ओट्याला तेल, पदरांत लोणी आणि कोरडा रवा. गोळे किती वेळ झाकून ठेवायचे यावर एकमत नाही. त्या म्हणतात पाऊण तास, मला आठवतं वीस मिनिटं. पाऊण तास लिहिलंय. करणार त्याच आहेत.