आमची वाटचाल : साल विचारून रंगवलेले प्रशियन स्वार

टेबलावर ऐतिहासिक लढाया खेळणाऱ्या मंडळींसाठी धातूचे चिमुकले सैनिक रंगवून देण्याचे काम आम्ही पुण्यात, कोथरूडमधील आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत सुरू केले. पहिले मोठे काम आले ते इंग्लंडमधील एका ग्राहकाकडून. त्यांनी जुन्या संग्रहातले, आधी कोणीतरी रंगवलेले २८ मिलिमीटर मापाचे २४ प्रशियन ड्रॅगून (जुन्या जर्मन राज्याचे, म्हणजे प्रशियाचे, घोडेस्वार) पाठवले आणि ‘१८१३ सालासाठी करून द्या’ एवढेच कळवले. आम्ही जुना रंग उतरवला, कोटांना तोच फिकट निळा नव्याने दिला आणि स्वार परत पाठवले. काम सुबक झाले आहे, पण स्वार १८०६ सालातच राहिले आहेत, असे त्यांनी अतिशय सौजन्याने कळवले.

चूक सर्वस्वी आमची होती. १४ ऑक्टोबर १८०६ रोजी येना आणि आउअरश्टेट येथे प्रशियाचा दारुण पराभव झाला, त्यानंतर सैन्याची फेररचना झाली आणि तिच्याबरोबर गणवेशही बदलला. ड्रॅगूनचा कोट फिकट निळाच राहिल्यामुळे नुसत्या रंगाकडे पाहून काही चुकले आहे असे वाटतच नाही. पण दुटोकी टोपीच्या जागी शाको, म्हणजे उंच नळकांडी टोपी, आली, कोटाचे पल्ले आखूड झाले आणि पाठीवर रुळणारी केसांची वेणी गेली.

ते २४ स्वार आम्ही स्वखर्चाने परत मागवले. जुने डोके कापून शाको घातलेले नवे डोके बसवणे त्या मानाने सोपे असते : मानेत अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र पाडायचे, पितळी तारेचा तुकडा रोवायचा आणि डोके किंचित वळवून चिकटवायचे, म्हणजे सगळे स्वार एकाच दिशेला पाहत राहत नाहीत. वेणी मात्र कोटाबरोबरच ओतलेली असते. ती तासताना पाठीची मधली शिवणही पुसली जाते आणि मग एपॉक्सी पुट्टीची केसाएवढी वळी लावून ती शिवण पुन्हा उभी करावी लागते. अनेक वर्षे सराफी कारागिरी केलेले आमचे एक सहकारी हे काम करतात, आणि त्यांच्या हातची शिवण भिंगाखालीही वेगळी ओळखू येत नाही. त्या कामात आम्हाला एक रुपयाही सुटला नाही, परंतु ते ग्राहक आजही आमचेच आहेत.

तेव्हापासून काम घेताना आमचा पहिला प्रश्न असतो : साल कोणते? ५ नोव्हेंबर १७५७ रोजी रोसबाखच्या लढाईत प्रशियन सेनानी झायडलित्झच्या हाताखाली धावून गेलेल्या क्युरासिअरना, म्हणजे जड घोडदळाच्या स्वारांना, काळे केलेले छातीकवच हवे, आणि तेही फक्त पुढच्या बाजूला. पूर्वीच्या रंगाऱ्याने ते चकचकीत चंदेरी केलेले असते, ते आम्ही काळे करतो. १८०६ सालच्या क्युरासिअरना मात्र कवच नव्हतेच, त्यामुळे तिथे कानशीच हाती घ्यावी लागते.

पहिल्या पावसाळ्यात आम्ही दमट हवेत प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) फवारला आणि सगळ्या घोड्यांवर पांढुरकी खरखर बसली. आता जून ते सप्टेंबर प्रायमर ब्रशनेच लावला जातो. घोड्यांवर आम्ही मनापासून वेळ घालवतो. कुमाईत घोड्यासाठी आधी तांबूस पिवळा अ‍ॅक्रिलिक, तो पूर्ण वाळल्यावर वरून बर्न्ट अंबर तैलरंग, आणि मग स्पंजाच्या तुकड्याने तो हलकेच पुसून घ्यायचा. घोड्याच्या मागच्या पुठ्ठ्यांवर खालची ऊब दिसू लागते, खाचांमध्ये गडद सावली उरते आणि आयाळ, शेपटी व पायांचे काळेपण शेवटी भरता येते.

सध्या टेबलावर प्रशियाच्या सायलेशिया प्रांतातील लांडवेअर घोडदळाचे ३६ भालाईत आहेत. मार्च १८१३ मध्ये उभ्या राहिलेल्या या लोकसेनेचा लांब, गडद निळा लिटेव्का कोट मूळ छटेतच रंगवला तर एवढ्या लहान आकारात काळाच दिसतो. म्हणून आम्ही तो दोन छटांनी उजळतो. कॉलर सायलेशियाची म्हणून पिवळी. पॉमेरेनिया प्रांताची असती तर पांढरी केली असती. मऊ ओतीव धातूचे भाले प्रवासात वाकतात, त्यामुळे ते सगळे काढून पोलादी तारेचे बसवले आहेत. आता टोप्यांवरचे पांढरे क्रूस तेवढे उरले आहेत, आणि ते सकाळच्या उजेडातच काढायचे आहेत.