निम्मे ठिपके दिसतच नाहीत

"मॅडम, नापास झालो का हो मी?" काचबिंदूसाठी कडेपर्यंतची नजर तपासणाऱ्या फील्ड टेस्टच्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर येत बाबांनी विचारलं.

एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवलेली, हातात बटण. मधल्या पिवळ्या दिव्यावरून नजर हलवायची नाही आणि आजूबाजूला कुठेही ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. "कितीतरी वेळ काही दिसेचना," बाबा म्हणाले, "मग अंदाजाने दाबत सुटलो."

तेच नडलं. ठिपका दिसणं शक्यच नाही अशा क्षणी बटण दाबलं की मशीन त्याची नोंद ठेवतं. रिपोर्ट भरवशाचा नाही, पुन्हा करा.

मग टेस्ट घेणाऱ्या मॅडम सहज म्हणाल्या, "अहो काका, मशीन ठिपका मुद्दाम फिका करत नेतं. सगळ्यात मंद कुठला दिसतो तेच तर शोधायचंय. चांगल्या डोळ्यांनाही साधारण निम्मे दिसत नाहीत."

अरे, मग हे आधी सांगायला काय जातं?

काचबिंदूत सहसा कडेची नजर आधी जाते. समोरचं स्वच्छ दिसत असतं, म्हणून पत्ताच लागत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. आधीच धास्तावलेल्या माणसाला त्या अंधारात न दिसलेला प्रत्येक ठिपका म्हणजे गेलेला डोळाच वाटणार ना!

आणखी एक, तेही विचारल्यावर कळलं: दमलात तर बटण दाबून धरा, टेस्ट थांबते. पापण्याही अधूनमधून मिटायच्या, नाहीतर डोळे कोरडे पडतात.

तुमच्याकडे कुणाची होते का ही टेस्ट? आधी सांगतात का हे?