पोत्यातले दोन जळके अल्टरनेटर

परवा गॅरेजचं शटर उघडतोय तोच एक काका मॅसी फर्ग्युसन 35 ट्रॅक्टर घेऊन हजर. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा माल, तीन सिलेंडर पर्किन्स इंजिन, वयाने माझ्यापेक्षा मोठा. सोबत पोतं, पोत्यात दोन जळके अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो, जुन्या डायनमोच्या जागी बसवतात). "डायनमो काढून ह्ये बसवलं, दोन्ही येळंला वायर टेकवली की धूर. आता तू बघ."

खोलून बघितलं तर दोन्हीच्या डायोड प्लेट (करंट एकाच दिशेनं सोडणारे डायोड असतात ती) गेलेल्या. मी म्हटलं लोकल माल असणार, आणि माझ्याकडचा मारुतीतला जुना अल्टरनेटर वॉशर देऊन, बेल्ट लाइनीत घेऊन बसवून पण टाकला, जुना कटआउट (डायनमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा डबा) बाजूला केला, डायनमोची वायर बारीक म्हणून 6 एमएमची नवीन ओढली. बॅटरी काही सोडली नव्हती (आळस, दुसरं काय). अल्टरनेटरला वायर टेकवून शेवटचा नट आवळायचा बाकी आणि काका सहज बोलले, "पोरानं एलईडी लावल्यात, पण लाल वायर बॉडीला दिली तरच पेटत्यात. असलं कसलं एलईडी?"

पाना तिथंच थांबला राव.

बॅटरीकडं नीट बघितलं तर बॉडीला गेलेली काळी केबल जाड खांबावर, म्हणजे प्लसवर. मीटर लावला, तेच. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांना प्लस बॉडीलाच असायचा, डायनमोला चालतं ते, पण अल्टरनेटरचे डायोड उलट्या बॅटरीला सरळ शॉर्ट होतात. वायर टेकवून दोन आटे आवळले असते तर पोत्यात तिसरा गेला असता.

बॅटरी फिरवली, खांब लहानमोठे म्हणून केबलच्या टोकाच्या लग नवीन टाकल्या, अँपिअर मीटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, एलईडी सुलट्या केल्या. काकांना एकच काळजी, "आता स्टार्टर उलटा फिरंल का रं?" नाही फिरत काका, त्यात फिल्ड आणि आर्मेचर, म्हणजे आतल्या स्थिर आणि फिरत्या दोन्ही वाइंडिंगचा करंट एकदम उलटतो, म्हणून दिशा तीच राहते.

चालू केला तर चार्जिंग शून्य! बॅटरीला लावलेला मीटर 12.4 व्होल्टवरून हलेना. रेस दिली की एकदम 14.2. तेव्हा कळलं, डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा बल्ब उडालेला, आणि त्या बल्बातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बारका साधा बल्ब टाकला, आयडलिंगलाच चार्जिंग चालू.

काकांनी डायनमो त्याच पोत्यात घालून घरी नेला, जळके दोन माझ्याकडं टाकून. जायच्या आधी मडगार्डच्या आतून ऑइलपेंटनं लिहून दिलंय, 'मायनस बॉडीला'.