आमची वाटचाल: कापड उलटं करून बघा

आमचं काम छोटंसंच, शिवणकाम भरतकाम येणाऱ्यांना वीज वाहून नेणाऱ्या दोऱ्याने कापडावर सर्किट शिवायला शिकवायचं. आधी आम्ही पहिल्याच दिवशी फळ्यावर व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स मांडायचो आणि वर्षानुवर्षं सुई धरलेल्या बायका नुसत्या गप्प बसून राहायच्या, मला ते फार लागायचं कारण चूक आमच्या शिकवण्यात होती.

मग एकदा एका ताईंचे एलईडी काही केल्या पेटेनात. वरून काम इतकं सुबक की बघत राहावं. कापड उलटं केलं तर त्यांनी एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत दोरा न तोडता मागून नेलेला, भरतकामात सगळेच नेतात तसा, पण हा दोरा स्टेनलेस स्टीलचा, वर काही आवरण नाही, प्लसचा दोरा मायनसला टेकला की शॉर्ट. मी एवढंच म्हटलं, ताई इथे दोरा तोडायचा, मागून न्यायचा नाही. त्यांनी उसवलं, परत शिवलं आणि तीनही फुलं पेटली!

तेव्हापासून आमचा क्लास उलट्या बाजूने सुरू होतो. प्लस मायनसच्या दोन ओळी बारीक धावदोऱ्याने, एकमेकींपासून लांब, आणि एलईडीच्या छिद्रातून तीनदा घट्ट दोरा ओढायचा, बटण लावतो तसा, कारण टाका सैल राहिला की लाइट लुकलुकतो. ओळी जिथे ओलांडायच्याच असतात तिथे आधी खालच्या ओळीवर सुती दोऱ्याने गच्च भरीव टाका घालायचा, हे तर त्यांनीच आम्हाला सुचवलं. स्टीलच्या दोऱ्याची गाठ आपोआप सुटते म्हणून तिच्यावर नेलपॉलिशचा थेंब. आणि स्विच म्हणून धातूचं टिचबटण, दाबलं की सर्किट पूर्ण, मला अजूनही यापेक्षा सोपं उदाहरण सापडलेलं नाही.

रेझिस्टन्स, म्हणजे दोऱ्यातून जाताना विजेला होणारा अडथळा, आता सगळ्यात शेवटी येतो, ओळ लांबली की लाइट मंद का होतो असं कोणीतरी विचारतंच, तेव्हा. ३ व्होल्टचा बटण सेल या सगळ्याला पुरतो. पुढच्या बॅचला लिलीपॅड देतो, म्हणजे लाइट कधी कसे लागायचे हे प्रोग्रॅमने ठरवणारा, कापडावर शिवायचा छोटा बोर्ड, लेह ब्यूकली यांनी तयार केलेला हा बोर्ड २००७ ला बाजारात आला, त्याच्या कडेला सुईसाठी छिद्रंच आहेत.

सध्या धुण्यावर काम चाललंय. सेल काढून हाताने धुतलं तर स्टीलचा दोरा टिकतो, चांदीचा मुलामा असलेल्या दोऱ्याचा मुलामा मात्र हळूहळू झिजतो, त्यामुळे अंगावरच्या कपड्यांना आम्ही स्टीलच वापरतो.