हलू नका म्हणणाऱ्या मशीनमध्ये मुद्दाम हालचाल आणणारा डॉक्टर

एमआरआयच्या कन्सोलवर बसणाऱ्या कोणालाही विचारा दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा काय बोलता, उत्तर एकच येईल, हलू नका. आमच्याकडे जळगावला तर हे मराठीत सांगायचं, हिंदीत सांगायचं, आणि पारोळा-अमळनेरकडच्या आजी असल्या की अहिराणीत, "माय, हालू नको बरं, आते व्हई जाई", एवढं कानावर पडलं की त्यांच्या जिवात जीव येतो. पेशंट हलला की इमेज गेली. डोकं, गुडघा वगैरे ठीक आहे, उशी लावून पट्टा बांधून भागतं, पण पोटाचं काय करणार, श्वास तर चालूच राहणार आणि प्रत्येक श्वासाला लिव्हर खाली-वर सरकत राहणार.

या हालचालीच्या मागे वर्षानुवर्षं लागलेल्या एका डॉक्टरबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. डॉ. रिचर्ड एहमन. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचं गाव आहे, तिथल्या मेयो क्लिनिकमधले रेडिओलॉजिस्ट. शिक्षण कॅनडात झालं, ८० च्या दशकात मेयोला आले आणि पुढचं सगळं काम तिथेच. आमच्या फील्डमध्ये येणाऱ्या प्रत्येक पोराला हे नाव माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी त्यांचं जुनं काम सांगते कारण ते मी रोज वापरते. एमआरसीपी म्हणजे पित्ताच्या नळ्यांचा स्कॅन करताना आम्ही उजव्या बाजूला डायफ्रामच्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या पडद्याच्या, घुमटावर एक छोटा चौकोन ठेवतो, अर्धा फुफ्फुसात अर्धा लिव्हरमध्ये. मशीन तेवढ्या पट्टीतून सारखा सिग्नल घेत राहतं आणि स्क्रीनवर श्वासाबरोबर वर-खाली जाणारी रेष दिसते, श्वास सोडल्यावर रेष ठरलेल्या जागी आली की डेटा घ्यायचा, बाकीचा वेळ मशीनने वाट बघायची. पेशंटला दम धरून ठेवायची गरजच नाही. चौकोन थोडा खाली सरकला, पूर्ण लिव्हरमध्ये गेला, की रेष सपाट होते आणि स्कॅन पुढेच जात नाही, त्यामुळे तो ठेवायला हात बसावा लागतो. दम्याच्या म्हाताऱ्या बाबांचा स्कॅन नीट होतो तो या चौकोनाच्या जिवावर. याला नॅव्हिगेटर म्हणतात आणि ही कल्पना एहमन आणि त्यांचे सहकारी जोएल फेल्मली यांनी १९८९ मध्ये मांडली.

म्हणजे बघा, तोपर्यंत काम काय तर हालचाल ओळखायची आणि तिला बाजूला काढायची. आणि मग याच माणसाने पेशंटला मुद्दाम हलवायचं ठरवलं! मला यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, की हालचाल इमेज कशी बिघडवते हे ज्याने इतक्या बारकाईने बघितलंय त्यालाच ती मोजता पण येईल हे सुचणार.

मोजायचं कशासाठी? तर डॉक्टर पोट दाबून बघतात ना, त्यासाठी. गाठ हाताला लागते कारण ती आजूबाजूच्या मांसापेक्षा कडक असते. लिव्हर खराब व्हायला लागलं की आत फायब्रोसिस होतो, म्हणजे व्रणाचे धागे तयार होतात आणि लिव्हर घट्ट होत जातं, शेवटी सिरॉसिस. सर्जन पोट उघडून लिव्हरवरून हात फिरवतात तेव्हा त्यांना कधीकधी स्कॅनमध्ये न दिसलेली गाठ पण बोटांना लागते. निरोगी आणि आजारी टिश्यूमधला फरक साध्या इमेजवर कधी अगदी थोडा असतो, पण कडकपणातला फरक कितीतरी पटीत असतो, आणि इतकी महागडी मशीनं येऊनही ही बोटांची माहिती कुठल्याच इमेजमध्ये येत नव्हती. एहमन यांना ती आणायची होती.

१९९५ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये त्यांच्या टीमचा पेपर आला, त्यावर पहिलं नाव राजा मुथुपिल्लई यांचं. पेशंट नाही काही नाही, जेलचे तुकडे मशीनमध्ये ठेवून त्यांना कंपन द्यायचं आणि आतून जाणारी लाट एमआरआयने पकडायची. मशीनमधली ग्रेडियंट, म्हणजे जागेनुसार बदलणारी जास्तीची चुंबकीय क्षेत्रं, ज्या तालात उलटसुलट होतात तो ताल कंपनाच्या तालाशी जुळवला की जेवढी हालचाल तेवढा सिग्नलच्या फेजमध्ये, म्हणजे त्याच्या लहरीच्या पुढे-मागे असण्यात, फरक पडतो. त्यांनी दाखवलं की २०० नॅनोमीटरपेक्षा कमी हालचाल पण अशी मोजता येते. २०० नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचे ५ हजार भाग करा, त्यातला एक. हे वाचलं तेव्हा मी तो आकडा परत परत वाचला होता, कारण आमच्याकडे पेशंट नुसता खोकला तरी आम्ही डोक्याला हात लावतो.

कंपन देऊन एमआरआयने कडकपणा मोजायच्या या पद्धतीला एमआर इलास्टोग्राफी म्हणतात. ती प्रत्यक्षात मी मुंबईला ट्रेनिंगला गेले होते तेव्हा जवळून बघितली. मशीन नेहमीचंच. उजव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांवर एक गोल चपटी प्लॅस्टिकची डबी ठेवतात आणि वरून इलॅस्टिकचा पट्टा घट्ट आवळतात, डबीला एक लांब प्लॅस्टिकची नळी असते ती भिंतीतून बाहेर जाते आणि बाहेरच्या खोलीत स्पीकरसारखा बॉक्स असतो, तो हवेचं कंपन आत पाठवतो, सेकंदाला ६० वेळा. बॉक्स बाहेर ठेवायचं कारण त्यात चुंबक असतो, तो मॅग्नेटजवळ नेताच येत नाही. तिथे मी स्वतः ती डबी पोटाला लावून बघितली, दुखत बिखत काही नाही, खिशात मोबाईल व्हायब्रेटवर असल्यासारखं वाटतं. साधारण चार स्लाइस घेतात, एकेका स्लाइसला पंधरा-वीस सेकंद श्वास सोडून थांबायचं, की झालं.

स्क्रीनवर आधी लिव्हरमधून जाणाऱ्या लाल-निळ्या पट्ट्या दिसतात, ती लाट. कडक टिश्यूत लाट वेगाने पळते म्हणून पट्ट्या रुंद होतात. हिशोब करून बघा, २ किलोपास्कल (कडकपणा मोजायचं एकक) कडकपणा असेल तर ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० कंपनांना, लाटेची लांबी साधारण २.४ सेंटीमीटर येते, ८ किलोपास्कलला ४.७, म्हणजे कडकपणा चौपट झाला की लाट दुप्पट लांब. मग कॉम्प्युटर या लाटांवरून रंगीत नकाशा काढतो, जांभळा-निळा मऊ, लाल कडक. २.५ किलोपास्कलच्या आत नॉर्मल, ५ च्या वर गेलं की सिरॉसिसची शंका, मधल्या आकड्यांवरून फायब्रोसिस कुठवर आलाय त्याचा अंदाज. अमेरिकेत एफडीएची, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची, परवानगी २००९ मध्ये मिळाली. जेलच्या तुकड्यापासून तिथपर्यंत १४ वर्षं! एहमन पुढे २०१७ मध्ये उत्तर अमेरिकेच्या रेडिओलॉजी सोसायटीचे अध्यक्ष पण झाले, पण मला त्या पदापेक्षा ही १४ वर्षं मोठी वाटतात.

याच्या आधी फायब्रोसिस बघायचा तर बायोप्सी. सुई घालून लिव्हरचा बारीक तुकडा काढायचा, तो पूर्ण लिव्हरच्या साधारण ५० हजाराव्या भागाएवढा असतो, तो जिथून निघाला तिथे बरं असलं आणि शेजारी खराब असलं तर काय कळणार. फायब्रोस्कॅन आहे, म्हणजे बरगड्यांवरून अल्ट्रासाउंडने कडकपणा मोजणारं मशीन, स्वस्त आहे, झटपट होतो आणि खूप उपयोगी आहे, त्याला मी अजिबात नावं ठेवणार नाही, पण तो एका छोट्या पट्ट्यातच मोजतो आणि पोटात पाणी असलं की अडतो. इलास्टोग्राफीत लिव्हरचा मोठा भाग एकदम दिसतो आणि पोटातल्या पाण्याने तिचं फारसं बिघडत नाही.

आता आपल्याकडचं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर फॅटी लिव्हर ग्रेड १, ग्रेड २ हे इतकं कॉमन झालंय की लोक ते वाचून फाइलमध्ये ठेवून देतात. यावलकडची माझी एक मावशी, आयुष्यात दारूचा वास घेतला नाही, शुगर आहे, वजन आहे, रिपोर्ट हातात घेऊन मला विचारत होती की ताई हे किती सिरीयस आहे गं. आता ग्रेड म्हणजे चरबीचा अंदाज. लिव्हर कडक झालंय का नाही हे त्या ग्रेडवरून कळत नाही, आणि पुढे काय होणार ते जास्त कडकपणावरच ठरतं. दारू न पिणाऱ्यालाही सिरॉसिस होतो हे आपल्याकडे अजून लोकांच्या पचनी पडत नाही, उलट त्या बिचाऱ्या बाईकडेच संशयाने बघतात, याचा मला फार त्रास होतो. मावशीला मी पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि कडकपणा मोजायचा का हे स्पष्ट विचारायला सांगितलं. आमच्या सेंटरला इलास्टोग्राफी नाहीये. मशीन चांगलं आहे पण तो बॉक्स, डबी आणि सॉफ्टवेअर वेगळं घ्यावं लागतं. ते खान्देशात यावं, आणि सरकारी दवाखान्यात यावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

आणि एक गोष्ट नंदुरबार, सातपुड्याकडच्या लोकांसाठी. तिकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट खूप आहेत, काहींना वारंवार रक्त चढवावं लागतं आणि त्यातून लिव्हरमध्ये लोह साठतं. लोह जास्त असलं की इमेज घ्यायच्या नेहमीच्या ग्रेडियंट एको पद्धतीत लिव्हर काळं पडतं, सिग्नलच नसतो, मग लाट कुठून दिसणार, आकडाच येत नाही. अशा वेळी स्पिन एको ईपीआय नावाचा दुसरा सिक्वेन्स, म्हणजे इमेज घ्यायची दुसरी पद्धत, वापरला तर बऱ्याच जणांचं काम होतं. तर कोणाला ही इलास्टोग्राफीची टेस्ट सांगितली असेल तर जायच्या आधी चार ते सहा तास काही खाऊ नका, जेवणानंतर लिव्हरकडे रक्त जास्त येतं आणि आकडा वाढून येऊ शकतो, आणि रक्त चढवलेलं असेल तर ते काउंटरवर नाही, स्कॅन करणाऱ्या टेक्निशियनला स्वतः सांगा.