तलावपाळीवर भेटलेलं मनिलाचं रेडिओ केंद्र

ठाणे स्टेशनला पश्चिमेकडे उतरलं की गर्दीच आपल्याला बाजारपेठेतून ढकलत तलावपाळीवर आणून सोडते. मासुंदा तलावाच्या काठी भेळवाले, बोटीसाठी हट्ट करणारी पोरं, आणि जवळच सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. मी आलो होतो ते 1321 सालच्या एका गोष्टीमुळे. त्या वर्षी ठाण्यात फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती धर्मोपदेशक मारले गेले. त्यांच्या जॉर्डानस नावाच्या सोबत्याने पत्रं लिहिली म्हणून ती बातमी युरोपात पोचली, आणि पुढे ओडोरिक नावाच्या साधूने त्यांच्या अस्थी समुद्रमार्गे पार चीनला नेल्या.

चर्चच्या आवारात एक ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच जुन्या ख्रिस्ती समाजातले, अंकल भेटले. निवृत्त रेल्वेवाले. मी जॉर्डानसच्या पत्रांचं कौतुक सांगायला लागलो, तर म्हणाले, “पत्रांचं सोड, आमच्याकडे मनिला यायची. शॉर्टवेव्हवर.” फिलिपिन्सची राजधानी मनिला, तिथल्या रेडिओ वेरितास एशिया या कॅथलिक केंद्राचे हिंदी कार्यक्रम ते ऐकत. आवाज भरतीसारखा चढायचा आणि ऐन बातमीच्या वेळी ओहोटी लागायची. शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशातल्या आयनांच्या थरावर आपटून परत येतात. तो थर हलला की गेला आवाज.

मग भेळ बाजूलाच राहिली. आशियातल्या बिशपांनी 1958 मध्ये मनिलात ठरवलं की आपलं एक रेडिओ केंद्र हवं. 1969 मध्ये ते सुरू झालं, तेच हे वेरितास. हेतू धर्मप्रसाराचा. पण त्याचं नाव झालं ते वेगळ्याच कारणाने. 1983 च्या ऑगस्टमध्ये फिलिपिन्सचे विरोधी नेते निनॉय अक्विनो यांची मनिलाच्या विमानतळावर हत्या झाली. लाखोंची अंत्ययात्रा दिवसभर चालली, हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या धाकात असलेली बाकीची माध्यमं गप्प, आणि वेरितासने मात्र ती लोकांना ऐकवली. माझ्या मते या केंद्राची खरी कमाई त्या दिवशीची. लोकांचा विश्वास प्रवचनांनी बसला नसता इतका त्या प्रक्षेपणाने बसला.

तो विश्वास 1986 च्या फेब्रुवारीत कामी आला. मार्कोसविरुद्ध बंड केलेले सैनिक छावणीत अडकले होते. मनिलाचे मुख्य बिशप कार्डिनल सिन यांनी वेरितासवरून लोकांना हाक दिली, की रस्त्यावर या, त्यांना वाचवा. (होय, कार्डिनलचं आडनाव ‘सिन’च, इंग्रजीत पाप. अंकल अजून हसतात.) माणसं मनिलाच्या एड्सा नावाच्या मोठ्या रस्त्यावर लोटली. कुठे गर्दी कमी आहे, रणगाडे कुठून येताहेत, हे सगळं रेडिओच सांगत होता. दुसऱ्याच दिवशी मार्कोसच्या सैनिकांनी वेरितासचा मुख्य ट्रान्समीटर फोडला. निवेदिका जून कीथली यांनी मग दुसऱ्याच एका केंद्रातून, जागा गुप्त ठेवून, बोलणं चालू ठेवलं. चार दिवसांत मार्कोस देश सोडून पळाले. त्याच वर्षी रेडिओ वेरितासला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

2018 मध्ये वेरितास एशियाचं शॉर्टवेव्ह बंद झालं. आता सगळं इंटरनेटवर. अंकलना त्यात मजा वाटत नाही.

“मुंबईत असं केंद्र असायला हवं होतं,” मी म्हटलं.

“कसं असणार? आपल्याकडे धार्मिक संस्थेला खासगी एफएमचा परवाना मिळत नाय.” मग क्षणभर विचार करून म्हणाले, “आणि मिळाला असता, तर भजनं नंतर. आधी कुठली लोकल किती लेट आहे ते सांगा. मग बघ, सगळं ठाणं ऐकतं की नाय!”