बाबा खाणीत गेले

दादाचं न्यू जर्सीहून पार्सल आलं ते २००८ च्या फेब्रुवारीत. आईसाठी गुडघ्याला लावायचं मलम आणि माझ्यासाठी एक डीव्हीडी. सोबत चिठ्ठी: 'तुझ्या रशियन लोकांचा पिक्चर आहे. रात्री एकटी बघू नकोस.' डेव्हिड क्रोननबर्गचा 'ईस्टर्न प्रॉमिसेस'. चित्रपट २००७ च्या सप्टेंबरात आला, टोरांटोच्या महोत्सवात प्रेक्षकांच्या पसंतीचं पारितोषिक घेऊन गेला आणि अमेरिकेत डिसेंबरअखेरीस त्याची डीव्हीडी निघालीसुद्धा. मी तेव्हा पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकत होते. शेवटचं वर्ष होतं.

घरातल्या प्लेअरने तबकडी नाकारली. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे विभाग पाडलेले होते. अमेरिका एक नंबरात, ब्रिटन दोनात, भारत पाचात. रशियाही पाचातच, आपल्या शेजारी. म्हणजे रशियन माणसांची ही लंडनमधली गोष्ट रशियात आणि आपल्याकडे सारखीच कुलूपबंद होती. मग कॉम्प्युटरवर लावली. त्या ड्राइव्हचा विभाग सगळे मिळून पाचच वेळा बदलता यायचा, पुढे तो कायमचा पक्का व्हायचा. त्या पाचांतली एक संधी मी या चित्रपटावर खर्च केली. आजही मला वाटतं की ती सत्कारणी लागली.

परवा कपाट आवरताना तीच तबकडी सापडली आणि पुन्हा पाहिली, म्हणून हे लिहितेय. पुढे कथेतलं बरंच येईल. ज्यांना कोरा चित्रपट पाहायचाय त्यांनी आधी तो पाहून यावं.

लंडनमधल्या एका औषधाच्या दुकानात चौदा वर्षांची गरोदर मुलगी येते, अनवाणी, रक्ताने भिजलेली. दवाखान्यात तिला मुलगी होते आणि ती स्वतः जाते. तिच्याजवळ रशियनमध्ये लिहिलेली एक डायरी सापडते. आना नावाची सुईण ती डायरी घरी नेते, कारण बाळाचं कुणी नातेवाईक शोधायचं तर पत्ता त्यातच असणार. आनाचे वडील रशियन होते. तिच्याकडे त्यांची उराल ही रशियन बनावटीची मोटरसायकल आहे, भाषा मात्र नाही. डायरीत 'ट्रान्स-सायबेरियन' नावाच्या रेस्टॉरंटचं कार्ड असतं. तिथला मालक सेम्योन हा नातवंडांत रमणारा, मुलींना व्हायोलिन शिकवणारा, स्वतः बोर्श्च, म्हणजे बिटाचं सूप, रांधणारा म्हातारा. तो म्हणतो, आण, मी भाषांतर करून देतो.

सगळी भानगड इथे सुरू होते. टोळी, चाकू, थेम्समध्ये सोडलेली प्रेतं हे सगळं आहेच, पण हा चित्रपट मुळात एका भाषांतराची गोष्ट आहे. एका मेलेल्या पोरीचं लिहिलेलं कोण वाचणार, कोण ते दुसऱ्याला सांगणार आणि सांगणाऱ्याचा त्यात हितसंबंध काय, एवढ्याभोवती सगळं फिरतं. आनाचा काका स्तेपान डायरी चाळतो आणि म्हणतो की मेलेल्यांची गुपितं त्यांच्याबरोबर पुरावीत. सेम्योन मात्र हसतमुखाने तयार असतो, आणि डायरीतला गुन्हेगार तोच निघतो. त्या वर्षी आम्हाला भाषांतराचा पेपर होता. मूळ लेखकाशी प्रामाणिक राहणं म्हणजे काय यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. सेम्योनच्या हाती त्या डायरीची झेरॉक्स जाताना पाहिलं तेव्हा माझ्या हातापायांतलं बळ गेलं.

थिएटरात पाहिला असता तर कदाचित हाणामारीच लक्षात राहिली असती. हमामातला तो प्रसंग सगळ्यांच्या तोंडी असतो: विगो मॉर्टेन्सनचा निकोलाय, सेम्योनच्या टोळीचा ड्रायव्हर, संपूर्ण नागडा, समोर लिनोलियम कापायचे वाकडे चाकू घेतलेले दोघे, ओल्या फरशीवर चालू असलेली झटापट. अख्ख्या चित्रपटात बंदूक नाही, त्यामुळे इजा प्रत्येक वेळी हाताच्या अंतरावरून होते. तो प्रसंग मी दोनदाच पाहिला. तिसऱ्यांदा पाहण्याचं धाडस अजून झालेलं नाही.

डीव्हीडीने दिली ती थांबण्याची सोय. मी चित्र गोठवायचे आणि अंगावरचं गोंदण वाचायचे.

रशियन तुरुंगांतली गोंदणं म्हणजे माणसाच्या कातडीवर लिहिलेली त्याची कागदपत्रं. 'वोर व झाकोने' हा शब्द वर्गात कधी आला नव्हता. शब्दशः 'कायद्यातला चोर', पण हा कायदा सरकारचा नव्हे, चोरांचा स्वतःचा. तीसच्या दशकात स्टालिनच्या श्रमछावण्यांत ही जमात घडली. सरकारची चाकरी करायची नाही, संसार मांडायचा नाही, अधिकाऱ्यांशी संबंध ठेवायचा नाही. कुणी किती शिक्षा भोगल्या, टोळीत त्याचा मान काय, हे अंगावरून वाचता यायचं. चर्चचे जितके घुमट तितक्या शिक्षा. गुडघ्यांवर तारे म्हणजे हा माणूस कुणापुढे गुडघे टेकणार नाही. शाई बुटाची रबरी टाच जाळून त्या काजळीत लघवी मिसळून करायची आणि सुई बांधलेल्या रेझरने टोचायची. न कमावलेलं चिन्ह अंगावर मिरवलं तर ते काचेने किंवा विटेने खरवडून काढलं जाई.

चित्रपटात निकोलायला तारे मिळतात तो प्रसंग मी कितीतरी वेळा थांबवून पाहिला. नुसत्या चड्डीवर तो म्हाताऱ्यांच्या पंचांपुढे उभा आहे आणि ते त्याची कातडी वाचताहेत, एखादा कारकून सातबारा वाचतो तसे. कुठल्या तुरुंगात होतास, कधी, कशासाठी. आई नाही, बाप नाही असं त्याला तोंडाने कबूल करावं लागतं.

हे सगळं नोंदवून ठेवणारा माणूस तुरुंगाचाच पहारेकरी होता. दान्झिग बाल्दायेव, लेनिनग्राडच्या क्रेस्ती तुरुंगात १९४८ पासून नोकरीला. त्याने तीन हजारांहून जास्त गोंदणांची रेखाटनं करून ठेवली. त्यांचा कोश पुढे लंडनच्या प्रकाशकांनी काढला आणि मॉर्टेन्सनने तो क्रोननबर्गला दाखवला. डीव्हीडीवर दोन छोटे माहितीपट आहेत, त्यातला एक गोंदणांवरच आहे. मॉर्टेन्सन स्वतः मॉस्को, पीटर्सबर्ग आणि उरालकडे एकटा हिंडून आला होता. एकदा तो रंगवलेली गोंदणं न पुसताच लंडनमधल्या एका रशियन रेस्टॉरंटात गेला आणि शेजारची माणसं त्याचे हात पाहून एकदम गप्प झाली, असं त्याने मुलाखतींत सांगितलंय. दिग्दर्शकाला याहून मोठी पावती कुठली मिळणार?

मी मग आद्याक्षरांच्या गोंदणांमागे लागले. कोत म्हणजे मांजर, पण चोरांच्या भाषेत तीच अक्षरं म्हणजे 'तुरुंगाचा मूळ रहिवासी' या शब्दांची आद्याक्षरं. स्लोन म्हणजे हत्ती, पण तीच अक्षरं 'पोलिसाला मरण चाकूने' अशीही फोडतात, आणि सोलोव्हेत्स्की बेटांवरच्या छावणीचं लघुनामही तेच होतं. बालवाडीतल्या तक्त्यावरचे हे दोन प्राणी. आमच्या पहिल्या धड्यातही ते होते. लोकवाङ्मय गृहाच्या दुकानातून आणलेल्या गुळगुळीत कागदाच्या सोव्हिएत पुस्तकांवर मी वाढले होते. माझी रशियन भाषा बर्फाची, घसरगाडीची, चहाच्या सामोव्हारची होती. तिला तळघर आहे हे मला तेविसाव्या वर्षी कळलं. पण ती दुरावली नाही, उलट जास्त आपली वाटायला लागली.

भाषेच्या बाजूने चित्रपटाला पैकीच्या पैकी गुण मी देणार नाही. मुख्य रशियन पात्रांत रशियन नट जवळजवळ नाहीतच. मॉर्टेन्सन डॅनिश-अमेरिकन, सेम्योनचा मुलगा किरील झालेला व्हिन्सेंट कासेल फ्रेंच, स्तेपान झालेला येझी स्कोलिमोव्स्की पोलिश आणि तोही मोठा दिग्दर्शक. सेम्योनचं काम करणारा आर्मिन म्युलर-श्टाल जर्मन, पण त्याचं जन्मगाव टिल्झिट आज रशियात आहे. कासेलचे उच्चार मला खटकतात. मॉर्टेन्सनचे नाहीत. त्याच्या इंग्रजीत 'अ' आणि 'द' गळतात, कारण रशियनमध्ये ते नसतातच. मराठीतही नाहीत. मी इंग्रजी शाळेतल्या बाईंकडून याच चुकीसाठी ओरडा खाल्लेला आहे, त्यामुळे तो बोलायला लागला की मला घरचं कुणी बोलतंय असं वाटतं. तो आनाला वडिलांचं नाव जोडून 'आना इव्हानोव्हना' म्हणतो तेव्हाही तसंच. इंग्रजी प्रेक्षकाला तो नुसता परकेपणा वाटत असेल. आपल्याला कळतं की त्याने तिला तिच्या बापाच्या नावासकट मान दिला. आपल्याकडेही शाळेच्या दाखल्यावर मधलं नाव बापाचंच असतं.

चित्रपटाचं काम लंडनमध्ये चालू असतानाच, २००६ च्या नोव्हेंबरात, अलेक्सांदर लित्विनेन्को या माजी रशियन गुप्तहेरावर त्याच शहरात विषप्रयोग झाला. तेव्हा आम्ही वर्गात वृत्तपत्रांतली कात्रणं वाचायचो. चित्रपट अतिरंजित आहे असं कुणी म्हटलं की मला ती कात्रणं आठवतात.

दादाचं ऐकून मी तेव्हा एकटीने पाहिला नव्हता. आई शेजारी वाटाणे सोलत बसली होती. न्हाव्याच्या दुकानातला गळा चिरण्याचा पहिलाच प्रसंग आला तशी ती उठून आत गेली आणि मधेच कधीतरी परत आली. डायरी तुकड्यातुकड्यांत ऐकू येत राहते. पडद्यावरची मुलगी वेगळी आणि आवाज वेगळा, तो तात्याना मास्लानी या कॅनडियन नटीचा. आईला इंग्रजी फारसं कळत नाही, म्हणून मी सांगत होते. शेवटी बाळ आनाच्या घरी राहतं, आनाची आई आणि काका खूश असतात. आई म्हणाली, "अगं, पण त्या पोरीच्या आईला कुणी कळवलं का?"

नाही कळवलं. डायरी वाचण्याचं मूळ कारणच ते होतं, आणि चित्रपट संपेपर्यंत ते सगळ्यांच्या विस्मरणात गेलेलं असतं. माझ्याही.

अगदी शेवटी तो आवाज पुन्हा येतो. बाप खाणीत मेला, म्हणजे मेला तेव्हा तो आधीच जमिनीखाली होता. आम्ही सगळेच तिथे पुरलेले होतो, म्हणून मी निघाले, अशा अर्थाचं काही ती सांगते. तेव्हा मी ते आधी रशियनमध्ये नेलं. चित्रपटात ते इंग्रजीत आहे, पण पोरीने रशियनमध्येच लिहिलं असणार. मग मराठीत आणायला बसले आणि अडले. 'दफन' म्हटलं की धर्म येतो, 'गाडले गेलो' म्हटलं की लढाई येते. चौदा वर्षांची मुलगी असलं काही लिहिणार नाही. वहीत ती ओळ अर्धवट राहिली.

परवा तबकडीबरोबर ती वहीही सापडली. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे, ऐकायला कमी येतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, "आई, हे तू कसं सांगशील?"

तिने थोडा विचार केला. "बाबा खाणीत गेले," ती म्हणाली.

मी थांबले. रोज सकाळी गेले की कायमचे गेले, ते त्या वाक्यात सांगितलेलंच नाही, आणि दोन्ही आहे.

"पुढे?"

"पुढे काय? त्यांना माती आधीच मिळाली होती. आम्हालाही. म्हणून मी निघाले."

मी ते तसंच उतरवून घेतलं आणि खाली तारीख टाकली.